दोन ब्रेकची गाडी

शनिवार, २ मे. दुपारी

चष्म्या दुकान विकतोय. एक जूनपासून कायमचा लेकीकडे, समुद्राकाठच्या त्या गावात. हे मला आज सांगितलं, आणि तेसुद्धा माझा नंबर तपासताना, म्हणजे मी हनुवटी मशीनवर टेकवून बसलेलो असताना. त्या अवस्थेत माणूस काय बोलणार? मी तिसरी ओळ वाचून दाखवली. ती चुकली.

शाळेच्या पहिल्या बाकापासूनची ओळख. तेव्हापासून तो चष्म्या. पुढे त्याने चष्म्यांचंच दुकान काढलं, त्यामुळे नाव बदलायची वेळ आली नाही. त्याची बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करून आमच्याकडे येतो, चहा घेतो, तासभर बसतो, फारसं न बोलता जातो. माझ्याशिवाय त्याचं कसं होणार, ही मला काळजी. माझं काय, मी कामाचा माणूस.

निर्णय: त्याला थांबवायचं. पण दुकानात नाही. मोठी गोष्ट मोठ्या जागी बोलावी. डोंगरातल्या नॅशनल पार्कमधून तीन दिवसांची रोड ट्रिप, वर खिंडीत तळं आहे, तळ्याकाठी बोलायचं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पुढची खोली रिकामी पडली आहे, तिथे त्याने लहानसं दुकान टाकावं. ड्रायव्हिंग टेस्टच्या एका कोऱ्या फॉर्ममागे पाच मुद्दे काढले. मुद्दा चार चुकून ‘मला करमणार नाही’ असा लिहिला गेला. खोडून ‘तुला करमणार नाही’ केला. कागद गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला.

संकल्प:
१. खिंडीचा घाट मी स्वतः चालवणार.
२. ट्रिपमध्ये कुणालाही काहीही शिकवायचं नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी.
३. पाचही मुद्दे, क्रमाने.

संध्याकाळी

हिने विचारलं, गाडी कोण चालवणार. म्हटलं, सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय, आणखी कोण चालवणार? ही म्हणाली, शिकवताय हो, पण स्वतः शेवटची चालवली कधी?

प्रश्नच चुकीचा. सकाळचा पहिला विद्यार्थी मला घरून घेतो, संध्याकाळचा शेवटचा घरी सोडतो. बँक, भाजी, दाताचा डॉक्टर, सगळं शिकवणीतच उरकतं. रिव्हर्स पार्किंग मी कायम किराणा दुकानासमोर घेतो. याला नियोजन म्हणतात. शिवाय शेजारच्या सीटखाली माझा स्वतंत्र ब्रेक आहे, स्वतंत्र क्लच आहे. म्हणजे गाडी मीच चालवत असतो. स्टिअरिंग तेवढं दुसऱ्याच्या हातात असतं.

हे हिला समजावून सांगितलं. ही इस्त्री करत राहिली.

सोमवार, ४ मे. सकाळी ६.१०

निघालो. टपावरचा स्कूलचा बोर्ड काढून घरी ठेवला. पुढचा आणि मागचा लाल एल चुंबकाचे आहेत, ते काढून डिकीत टाकायला चष्म्याला सांगितलं. त्याने निघण्यापूर्वी मला एक नवा चष्मा भेट दिला. खास लांबचं बघण्यासाठी, म्हणाला. मला खरं तर गरज नाही. पण त्याचं मन मोडवेना.

नव्या चष्म्याची डोळ्यांना सवय व्हायला एक दिवस जातो हे सर्वश्रुत आहे. म्हणून आजच्या दिवस गाडी चष्म्याकडे. तो माझाच विद्यार्थी. अकरा वर्षांपूर्वी चौथ्या प्रयत्नात पास. आधीच्या तीन वेळा परीक्षक वाईट निघाले.

सकाळी ८.००

शिकवलं नाही. फक्त आरसा बघ एवढं म्हटलं. सात-आठ वेळा.

दुपारी १२.१५

पार्कच्या गेटवर आलो. गेटवरच्या रखवालदाराने माहितीपत्रक दिलं: बारा व्ह्यू पॉइंट, चौतीस वळणं, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. गिअरबद्दल मी त्याला दोन गोष्टी समजावल्या. मागे गाड्या थांबल्या होत्या, पण त्याने शांतपणे ऐकून घेतलं. समजूतदार माणूस. चष्म्याने माहितीपत्रक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं.

पार्क सुंदर आहे. दोन्हीकडे उंच झाडं, मध्येच दरी, दरीच्या तळाशी नदीची बारीक रेघ. मी मुख्यतः रस्ता बघितला. कुणीतरी बघायला हवा.

चष्म्या म्हणाला, गाडी वळणावर ओढ घेत नाही. मी म्हटलं, चढ आहे. तो म्हणाला, हा उतार आहे.

दुपारी ४.००

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. या रस्त्यावर लोक आपल्याला फार मान देतात. मागच्या गाड्या भरपूर अंतर ठेवून येतात. एका टुरिस्ट बसने बाजूला होऊन वाट दिली, ड्रायव्हरने वरून हात केला. व्ह्यू पॉइंट तीनवर गाडी नीट उभी राहिल्यावर एका कुटुंबाने चक्क टाळ्या वाजवल्या. त्या बाईंनी आमचा दोघांचा फोटो काढला, पाठवते म्हणून माझा नंबर घेतला. सव्वीस वर्षांचा अनुभव चेहऱ्यावर दिसतो, नाही म्हटलं तरी.

चष्म्याचे आजचे गुण: क्लच ५, वळण ६, आरसा ३. त्याला सांगितले. सुट्टीवर आहोत ना, म्हणाला.

मंगळवार, ५ मे. सकाळी ९.३०

मुक्काम लाकडी खोलीत होता, दोन खाटा, खिडकीबाहेर ओढा. चष्म्या सकाळी अर्धा तास ओढ्याकाठी नुसता बसला होता. तेव्हाच बोलायचं होतं. पण नियोजन तळ्याचं आहे. नियोजन मोडणाऱ्यातला मी नव्हे.

आज गाडी मीच घेणार होतो. पण सकाळी धुकं होतं. नवा चष्मा आणि धुकं, दोन्ही एकदम नको.

सकाळी ११.००

गाडीतून जळका वास. चाकातून धूर. व्ह्यू पॉइंट पाच ते सहा, सगळा उतार.

दुपारी १.३०

डोंगराच्या पायथ्याला गॅरेज सापडलं. गॅरेजवाली बाई आहे, हातात पाना, तोंडात पेन्सिल. चाक काढून तिने ब्रेक पॅड दाखवले. संपलेले. तिने विचारलं, शेजारच्या ब्रेकवर पाय कुणाचा असतो. चष्म्या डोंगराकडे बघायला लागला. मी म्हटलं, कंपनीतूनच पेडल जड आलंय, आपोआप दाबलं जातं. ती म्हणाली, पेडल आपोआप दाबलं जात नाही, काका. त्याला पाय लागतो.

काका! माझं वय तिला कसं कळलं कोण जाणे.

तिने नवे पॅड बसवले आणि म्हणाली, हवं तर दुसरा ब्रेक पाच मिनिटांत सोडवून देते. मी स्पष्ट नकार दिला. हा स्कूलच्या मालमत्तेचा प्रश्न आहे. मग तिने चष्म्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि दोघंही हसले. लोकांना हसायला काहीही पुरतं.

संध्याकाळी ५.४५

गॅरेजपासून पुढे चष्म्याने जेवणाची टोपली माझ्या पायाशी ठेवली. म्हणाला, मागे हलते. टोपलीत नऊ उकडलेली अंडी होती.

व्ह्यू पॉइंट सातला पोचेपर्यंत नऊही अंडी सपाट. अंडी हलक्या प्रतीची होती. चष्म्याने सगळं पावाला लावून खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाला. हा त्याचा मोठेपणा. हा माणूस तिकडे एकटा पडला तर त्याला कोण सांभाळून घेणार?

उद्या तळं. उद्या पाच मुद्दे.

बुधवार, ६ मे. सकाळी ७.२०

आणीबाणी. चष्म्याचा पाय मुरगळला. खोलीच्या पायरीवरून उतरताना म्हणे. डावा पाय धरून बसला होता. गाडी चालवणं शक्यच नाही म्हणाला. खिंड समोर. आता तुझ्याशिवाय कोण, म्हणाला.

म्हणजे अखेर वेळ आली. आपण बसने जाऊ, गाडी इथेच ठेवू, असा एक व्यावहारिक पर्याय मी सुचवून बघितला, केवळ त्याच्या पायाचा विचार करून. तो म्हणाला, बस शनिवारी आहे.

सकाळी ८.०५

स्टिअरिंगवर बसलो. सीट फार उंच आहे. विद्यार्थी तक्रार करायचे ते बरोबरच होतं.

इंजिन पाच वेळा बंद पडलं. डोंगरावर हवा विरळ असते.

दुपारी १२.३०. तळ्याकाठी!

घाट चढलो. एकवीस किलोमीटर. मी!

काय गाडी आहे! इतकी वर्षं मी तिला ओळखलंच नाही. प्रत्येक वळणाआधी ती आपोआप हळू होते. मी मनात म्हणायचं, हळू, आणि तिने हळू व्हायचं. क्लचसुद्धा नुसता स्पर्श करायचा, बाकी तो खाली जातो. एका ठिकाणी वळणावर पाच-सहा डोंगरी शेळ्या मधोमध उभ्या. माझा पाय ब्रेकवर जाण्याआधीच गाडी थांबली होती. याला हाताचं कसब म्हणतात.

सुरुवातीचे दोन किलोमीटर शर्ट पाठीला चिकटला होता, हे फक्त इथेच लिहितो. मग वारं आत आलं, खाली दरी, वर आभाळ, शेजारी चष्म्या, आणि मला लहानपणी सायकलवर डबलसीट जायचो ते आठवलं. तेव्हाही पुढे मी असायचो. पेडल तो मारायचा.

मी फार खूश आहे. लिहून टाकतो.

वर पोचल्यावर चष्म्या उतरला तो उजव्या पायाने लंगडत. सकाळी डावा होता. या वयात दुखणं सरकतं.

दुपारी २.१०

तळं निळं. काठाला अजून थोडं धुकं. माणूस नाही, आवाज नाही. दोघंही दगडावर. यापेक्षा योग्य जागा पृथ्वीवर नाही.

कागद गाडीत होता. मुद्दे पाठ होते. मी घसा साफ केला. चष्म्याने लगेच माझ्याकडे बघितलं. काही बोलायचंय का, म्हणाला.

मी म्हटलं, हो. तू क्लच उशिरा सोडतोस.

त्याने एक खडा तळ्यात टाकला. मग म्हणाला, नातीला आता वाचता येतं, रोज फोनवर एक पान वाचून दाखवते. आणखी काही बोलायचंय का, असं परत विचारलं. मी म्हटलं, हँडब्रेकसुद्धा.

वारा फार होता. वाऱ्यात महत्त्वाचं बोलू नये, अर्धं उडून जातं. योग्य संधी परतीच्या वाटेवर मिळेलच.

गुरुवार, ७ मे. घरी

परतीची वाट उताराची असल्यामुळे लक्ष रस्त्यावर हवं होतं. सगळा उतार मी चालवला. पार्क संपल्यावर सपाट रस्ता लागला तेव्हा चष्म्याचा पाय एकाएकी बरा झाला. उरलेला वेळ त्याने चालवली आणि मी झोपलो. त्यामुळे मुद्दे राहिले.

हिला सगळं सांगितलं. शेळ्यांचं दोनदा. ही म्हणाली, आणि भावजींना थांबायचं विचारलंत का? मी म्हटलं, विषय काढला आहे.

शनिवार, ९ मे

त्या बाईंनी व्ह्यू पॉइंट तीनवरचा फोटो पाठवला. मी, चष्म्या, मागे दरी, आणि आमच्या मधोमध गाडीच्या पाठीवर ताटाएवढा लाल एल.

म्हणजे तिन्ही दिवस तो एल तिथेच होता! पुढचाही असणार. ती बस, त्या टाळ्या. चष्म्याला तातडीने बोलावून विचारलं. राहून गेलं असेल, म्हणाला. चेहरा सरळ ठेवून. मी दोन्ही एल जप्त करायला निघालो, तर त्यानेच काढून आणले आणि म्हणाला, तू कशाला त्रास घेतोस, वहिनींकडे देतो. मी म्हटलं, दे, स्कूलला नवे मागवतो.

हिने फोटो फ्रिजवर लावला आहे. मी तो रोज उलटा करतो. संध्याकाळी तो सुलट असतो.

अर्थात एलचा आणि घाटाचा काही संबंध नाही. घाट मी चालवला.

बुधवार, १३ मे

नवा कोर्स काढतोय: ‘घाट आणि डोंगरी रस्ते, विशेष मार्गदर्शन’. छापखान्यात पत्रक टाकायला सकाळच्या विद्यार्थिनीच्या शिकवणीत गेलो. तिने विचारलं, सर, घाटात स्वतः किती वर्षं चालवताय? मी तिला इंडिकेटर देण्याबद्दल बोललो.

शुक्रवार, २२ मे

चष्म्याचं दुकान रिकामं झालं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याने मला दिला. कुठे लावू? पुढच्या खोलीत लावला. खोली त्याच्यासाठीच झाडून ठेवली होती, आता तक्ता तरी आहे.

त्याला समुद्रापर्यंत सोडायला मीच जाणार असं जाहीर केलं. एकशे ऐंशी किलोमीटर, पूर्ण मी चालवणार. ट्रेनने जातो म्हणाला. मी ऐकतोय थोडाच! शेवटी तो हिच्याकडे बघून हसला आणि बरं म्हणाला.

संकल्प: जाताना शंभराव्या किलोमीटरपर्यंत पाचही मुद्दे मांडून टाकायचे. क्रम नंतर बघू.

रविवार, ३१ मे. रात्री ९.००. लेकीच्या घरी

एकशे ऐंशी किलोमीटर. एकही ओरखडा नाही. गाडी घाटातल्यासारखीच शहाणी वागली. रेल्वे फाटकापाशी माझ्याआधी तिला दिसलं. स्वतःला दहापैकी दहा. पहिल्यांदाच कुणाला दहा दिले.

मुद्दे: शंभरावा किलोमीटर बोगद्यात आला. बोगद्यात ऐकू येत नाही.

नात हुशार आहे. तिने मला पुस्तकातलं पान वाचून दाखवलं आणि मध्येच आजोबांना विचारलं, तुम्ही गाडीत सारखा पाय काय आपटत होतात, मी गॅलरीतून बघितलं. चष्म्या म्हणाला, पायाला मुंग्या आल्या होत्या. लेकीने मला आग्रह करकरून जेवू घातलं आणि राहायला लावलं. चांगली माणसं आहेत. माझी उगीचच काळजी होती त्याची.

तो संध्याकाळी बाहेर जाऊन बराच वेळ कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

सोमवार, १ जून. सकाळी ९.२५

निघालो. एकटा. चष्म्या फाटकापर्यंत आला. मी म्हटलं, आरसा बघत जा. तो म्हणाला, तू ब्रेक बघत जा. एवढंच.

सकाळी ९.५०

गाव सोडल्यावर पहिला उतार. वळण आलं. मी मनात म्हटलं, हळू.

गाडी हळू झाली नाही.

सकाळी १०.१०

रस्त्याच्या कामाची वाळू टाकलेली होती, तिच्यात शिरलो. कुणालाही काही झालं नाही, गाडीलाही नाही. वाळूवाल्या माणसांनी गाडी ढकलून बाहेर काढली. मी त्यांना सांगितलं, ब्रेक फेल झाला. त्यांच्या मुकादमाने आत बसून ब्रेक दाबून बघितला. लागतोय की, म्हणाला. मी म्हटलं, आपोआप लागत नाहीये. त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि खाली उतरला.

मग मी आत बसलो. शेजारच्या सीटकडे बघितलं. तिच्याखालचा माझा ब्रेक, माझा क्लच. दोन्हींचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, आणि सीट इतकी पुढे ओढलेली की तिथे फक्त आखूड पायांचा माणूस बसू शकेल. माझे पाय लांब आहेत.

सकाळी १०.४०

चष्म्याला फोन केला. वाळूचं सांगितलं, मग विचारलं, घाटातसुद्धा? घाटातसुद्धा, म्हणाला. विचारलं, मग पाय मुरगळला होता तो? कुठला, असं त्याने मलाच विचारलं.

रागावणार होतो. जमलं नाही. पुढचं कसं बोलून गेलो कळलं नाही. म्हटलं, तू जायला नको होतंस. मला करमणार नाही.

तो म्हणाला, माहीत आहे. मुद्दा चार. पार्कच्या गेटवर माहितीपत्रक ठेवताना कागद वाचला होता त्याने. बाकीचे चार ठीक होते, म्हणाला, पण खोडलेला चांगला होता. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, तीन दिवस वाट बघितली. तळ्यावर दोनदा विचारलं.

मी बोललो असतो तर तो थांबला असता का, हे विचारलं नाही. फोनवर नात काहीतरी वाचत होती, मागे. ते ऐकत राहिलो दोघंही.

सकाळी ११.००

हिला फोन केला. म्हटलं, थोडा उशीर होईल, गाडीला किरकोळ काम आहे. ही म्हणाली, मी बसमध्येच आहे, सहाची पकडली, वाळूपाशी थांबा. वाळूचं हिला कसं कळलं? तर आधी वाळूचं ठाऊक नव्हतं, म्हणे, पहिल्या उतारापाशी थांबाल एवढं भावजींनी कालच सांगितलं होतं, आणि आत्ता त्यांनी परत फोन करून वाळूचं सांगितलं. अकराच्या आत हिला माझा फोन येईल, असंही सांगून ठेवलं होतं त्याने.

दुपारी १२.१०

ही उतरली. गाडीला एक चक्कर मारली. मला वर-खाली बघितलं, शर्टावरची वाळू झटकली. शेजारच्या सीटवर बसली आणि विचारलं, यातला ब्रेक कोणता. हिला गाडी येत नाही. मी दाखवला. हिने चपला काढून त्यावर पाय ठेवला.

म्हटलं, मला भीती वाटते. ही म्हणाली, सव्वीस वर्षं ठाऊक आहे, निघा आता.

मी किल्ली फिरवणार, तर ही थांबा म्हणाली. पर्समधून चष्म्याने दिलेले दोन्ही एल काढले, खाली उतरली आणि मागचा लावला.

पुढचा मी लावला.